मैत्रीण येत नाही म्हणाली, आता तिच्या तिकिटाचं काय?

सकाळी सातला मावशीचा फोन आला की दोनच शक्यता असतात: कुणीतरी गेलं, किंवा तिकिटाचं काहीतरी. घरात विमानाची तिकिटं मी बघतो, त्यामुळे दुसरी शक्यता माझ्या वाट्याची.

मावशी आणि तिची भिशीतली मैत्रीण काशीची देवदिवाळी बघायला निघाल्या होत्या. मुंबई–वाराणसी, जाण्यायेण्याची तिकिटं श्रावणातच काढून ठेवलेली, स्वस्तात मिळाली म्हणून खूश. निघायला नऊ दिवस उरले आणि मैत्रीण मोरीत घसरून पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मावशीने एका दमात तीन प्रश्न विचारले. तिच्या जागी धाकट्या जावेला नेता येईल का? नसेल तर पैसे परत मिळतील का, कारण तिकिटावर नॉन-रिफंडेबल लिहिलंय. आणि काहीच होणार नसेल तर राहू दे तसंच. शेजारची सीट तरी रिकामी मिळेल, जरा ऐसपैस बसता येईल.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर, थोडे मिळतील, पण मागावे लागतील. तिसरी कल्पना सगळ्यात वाईट. मैत्रीण आली नाही तर ती सीट मावशीची होत नाही. कंपनी ती ऐनवेळी आलेल्या कुणालाही देऊ शकते, आणि देतेच.

आधी जावेचं बघू. आपल्याला सवय रेल्वेची. रेल्वेत कन्फर्म तिकीट घरच्या माणसाच्या नावावर करता येतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्यापैकी कुणीही चालतं; गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा. (जाऊ त्या यादीतही बसत नाही, आणि इथे तर ती मैत्रिणीची नव्हे, मावशीची जाऊ. पण ते असो.) विमानात ही सोय नाही. लोक म्हणतात सुरक्षेमुळे, दारावर सीआयएसएफचा जवान ओळखपत्र आणि तिकिटावरचं नाव ताडून बघतो म्हणून. ते अर्धंच खरं. नाव बदललं तर नवं ओळखपत्र ताडता येईल की! खरं कारण धंद्याचं आहे. नावं बदलता आली असती तर श्रावणात साडेपाच हजारांना घेतलेली देवदिवाळीची तिकिटं कार्तिकात पंधरा हजारांना विकणारे दलाल गल्लोगल्ली उभे राहिले असते, आणि तो वरचा नफा कंपनीला स्वतःला हवा असतो.

चुकीचं नाव दुरुस्त करणं मात्र वेगळं. माणूस तोच, फक्त स्पेलिंग चुकलं, तर कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेल्या तिकिटात चोवीस तासांच्या आत सांगितलं की दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते. सुलभाचं सुलोचना करायला जाऊ नका, कळतं त्यांना.

हे नॉन-रिफंडेबल आलं कुठून

विमान ही नाशवंत वस्तू आहे. भाजीवाल्याची मेथी संध्याकाळी निम्म्या भावात तरी जाते; विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. म्हणून कंपन्यांना दोन प्रकारची गिऱ्हाइकं वेगळी करायची होती. एक मीटिंगला जाणारा, जो आदल्या दिवशी तिकीट काढतो आणि कितीही देतो. दुसरा सुट्टीला जाणारा, ज्याला तारीख आधीपासून माहीत असते पण पैसे मोजून खर्च करायचे असतात. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७मध्ये आधी काढलेल्या तिकिटांसाठी 'सुपर सेव्हर' भाडं आणलं आणि १९८५मध्ये त्याच्या पुढची, अधिक स्वस्त आणि अधिक जाचक अटींची आवृत्ती काढली. स्वस्त तिकीट हवं ना, मग ते लवकर घ्या आणि परत मागू नका, असा तो व्यवहार. आपल्याकडे २००३मध्ये एअर डेक्कन आली, स्वस्त भाड्याच्या जाहिराती घरोघरी पोचल्या, आणि त्यामागून अटीही आल्या.

म्हणजे श्रावणात वाचलेले पैसे ही मावशीला मिळालेली सूट नव्हती. 'आम्ही नक्की येणार' या शब्दाची ती किंमत होती, आणि शब्द मोडला की ती परत जाते. हे पटलं की कंपनीवरचा निम्मा राग कमी होतो. उरलेला निम्मा कशावर ठेवायचा, ते आता सांगतो.

तिकिटात किती तिकिटं असतात

तिकिटाच्या ईमेलमध्ये खाली भाड्याची फोड असते. ती कुणी वाचत नाही. एका बाजूच्या प्रवासाचे सोयीसाठी गोल आकडे धरू. मूळ भाडं आणि इंधनाचा अधिभार मिळून ५,२०० रुपये. त्यावर इकॉनॉमीचा ५ टक्के जीएसटी, २६०. विमानतळाचं यूडीएफ (वापरकर्ता विकास शुल्क), विमानतळ सुरक्षा शुल्क वगैरे धरून ५००. शेवटी वेबसाइटने लावलेली कन्व्हिनियन्स फी, ३००. एकूण ६,२६०.

'नॉन-रिफंडेबल' हा शब्द यातल्या फक्त पहिल्या आकड्याला लागतो. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परताव्याबद्दल नियमावली आहे. १ ऑगस्ट २०१६पासून तिच्यात स्पष्ट लिहिलंय की तिकीट रद्द झालं, वापरलं गेलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यायची. सेलमधलं तिकीट असो, मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असो, तरीही. शिवाय परतावा करून देण्याबद्दल वेगळी फी घ्यायची नाही, आणि रद्द करण्याचा आकार कुठल्याही परिस्थितीत मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावायचा नाही.

यामागचं तर्कशास्त्र अगदी साधं आहे. सुरक्षा शुल्क आणि यूडीएफ हे कंपनीचे पैसे नाहीतच; ती दुसऱ्यांच्या वतीने फक्त गोळा करते. मैत्रीण विमानतळावर गेलीच नाही, तर तिच्या नावाने ते कुणाला द्यायचेच नाहीत. मग ते कंपनीने का ठेवायचे?

जीएसटीच्या २६० रुपयांत जरा गाठ आहे. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सांगितलं की रद्द करण्याच्या आकारावरही मूळ सेवेच्याच दराने कर लागतो. त्यामुळे कंपनी म्हणते, आम्ही ५,२०० ठेवले, तर त्यावरचा ५ टक्के करही गेला. या २६० रुपयांसाठी भांडायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या रक्तदाबावर. ५०० मात्र सोडायचे नाहीत. जाण्यायेण्याचे मिळून हजार झाले. कन्व्हिनियन्स फी गेली म्हणूनच समजा. आधी पैसे भरून घेतलेली खिडकीची सीट आणि उपमासुद्धा.

मावशीच्या डोक्यात हा आकडा शून्य होता. बहुतेकांच्या डोक्यात असतो, म्हणून बहुतेक जण मागत नाहीत. कंपन्यांच्या ॲपवर 'परतावा: ०' असं दिसलं की माणूस तिथेच थांबतो. तसं दिसलं तर कस्टमर केअरला चॅटवर किंवा ईमेलवर लिहून एवढंच विचारा: कर आणि विमानतळ शुल्कांचा परतावा किती? फोनवर विचारलंत तर पुरावा राहत नाही.

आधी पीएनआर तोडा

आता प्रत्यक्ष काय करायचं. दोघींचं बुकिंग एकत्र असलं की सहा अक्षरी पीएनआर एकच असतो, पण त्या पीएनआरखाली प्रत्येकीचं तिकीट वेगळं असतं. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की घोळ होत नाही. पीएनआर म्हणजे ताट, तिकिटं म्हणजे त्यातल्या वाट्या. ताट उचललंत तर दोन्ही वाट्या जातात.

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी हेच केलं. मेहुणा येणार नव्हता म्हणून ॲपवर 'कॅन्सल बुकिंग' दाबलं, आणि स्वतःचंही तिकीट घालवून बसले. नव्याने काढलं तेव्हा भाडं दुप्पट. काही ॲपवर प्रवासी निवडायची चौकट येते, काहींवर येत नाही. येत नसेल तर बटणाला हात लावू नका. कंपनीला फोन करून 'पीएनआर स्प्लिट करून द्या' म्हणा. हा त्यांच्या रोजच्या कामातला शब्द आहे. मैत्रिणीला नवा पीएनआर मिळतो, आपला तोच राहतो किंवा उलट होतं. दोन्ही ईमेल आले की तपासा. तिकीट एजंटकडून किंवा बुकिंगच्या ॲपवरून काढलं असेल तर कंपनी बहुतेक वेळा त्यांच्याकडेच पाठवते, तेव्हा सुरुवातच तिथून करा. वेब चेक-इन झालेलं असेल तर बऱ्याचदा आधी ते मागे घ्यावं लागतं.

आपल्याबरोबर येणारी व्यक्ती आपल्या आधारासाठी होती का, हेही स्प्लिट करताना बघा. व्हीलचेअरची नोंद, जेवणाची नोंद, सामानाचे जादा किलो कधीकधी एकाच नावावर पडलेले असतात. मावशीची व्हीलचेअर तिच्या स्वतःच्या नावावर होती, पण मुंबईला येताना साड्या भरून आणायच्या म्हणून घेतलेले जादा पाच किलो मैत्रिणीच्या नावावर होते. ते गेले. बनारसीचं बजेट त्यामुळे जरा आटोक्यात आलं, असं काकांचं मत.

आज रद्द करायचं की थांबायचं

इथे बहुतेक सल्ले 'ताबडतोब रद्द करा' म्हणतात. मी म्हणतो, आधी तिकिटाचा प्रकार बघा.

रद्द करण्याचा आकार टप्प्याटप्प्याने वाढणारा असेल, म्हणजे अमुक दिवस आधी कमी आणि शेवटच्या दोनतीन दिवसांत जास्त, तर आजच करा. पण मूळ भाडं पूर्णच बुडणार असेल, तर आज रद्द केलं तरी ५०० आणि आदल्या दिवशी केलं तरी ५००. मग घाई कशाला? मधल्या दिवसांत कंपनीनेच उड्डाण रद्द केलं, तर तिला पर्यायी उड्डाण किंवा परतावा द्यावा लागतो, आणि उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरी पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं एक प्रवाशाने निवडायचं असतं. तिथे नॉन-रिफंडेबलचा प्रश्नच येत नाही, कारण शब्द कंपनीने मोडलेला असतो. डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा ज्यांनी आठवडाभर आधी वैतागून स्वतःच तिकीट रद्द केलं असेल त्यांनी कपाळावर हात मारला असेल. आपण आधीच रद्द केलेल्या तिकिटाला हा हक्क उरत नाही. पीएनआर वेगळा करून ठेवलेला असला तर अशा वेळी मावशी नव्या वेळेने जाऊ शकते आणि मैत्रीण पैसे मागू शकते; एकीचा निर्णय दुसरीवर पडत नाही.

फक्त थांबायचं तर कॅलेंडरमध्ये गजर लावून थांबा. ऑनलाइन रद्द करण्याची वेळ उड्डाणाच्या काही तास आधी बंद होते. ती चुकली की माणूस 'नो-शो', म्हणजे न कळवता गैरहजर, ठरतो. नियमाप्रमाणे कर तेव्हाही परत मिळतात, पण आपोआप येतील अशी आशा धरू नका. त्याहून वाईट म्हणजे जाण्यायेण्याचं तिकीट एकच असेल तर जाताना नो-शो झालेल्या माणसाचं परतीचंही तिकीट बऱ्याच कंपन्या रद्द करतात. 'मी जाताना नाही येत, ट्रेनने मागून येते, परत तुझ्याबरोबर विमानाने येईन' असा बेत करणाऱ्यांनी हे आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं.

आणखी एक खिडकी अगदी सुरुवातीला उघडी असते. बुकिंग केल्यानंतर ठरावीक तास रद्द किंवा बदल फुकट करता येतो, याला लुक-इन म्हणतात. बरीच वर्षं ही मुदत २४ तासांची होती आणि उड्डाण सात दिवसांच्या आत असेल तर ती मिळत नसे. नोव्हेंबर २०२५मध्ये डीजीसीएने ती ४८ तासांची करण्याचा मसुदा काढला. तिकीट काढाल त्या दिवशी डीजीसीएच्या वेबसाइटवर लागू असलेला आकडा बघून घ्या. गटाने सहल ठरवताना मी हल्ली एक करतो: तिकिटं काढल्याचा स्क्रीनशॉट लगेच ग्रुपवर टाकतो आणि 'ज्याला फुटायचंय त्याने उद्या सकाळपर्यंत फुटा' असं लिहितो. दरवेळी एक जण फुटतोच.

क्रेडिट शेल घ्यावं का

रद्द करताना कंपनी बऱ्याचदा गोड आवाजात म्हणते, पैसे परत घेण्यापेक्षा क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे आमच्याकडेच जमा, ठेवा, वर्षभरात कधीही वापरा. डीजीसीएचा नियम सांगतो की हे ठरवायचा हक्क प्रवाशाचा. कंपनीने परस्पर तसं करायचं नाही.

क्रेडिट शेल म्हणजे किराणावाल्याकडे उलट्या बाजूने लिहिलेली उधारी. दुकान चालू आहे तोवर ठीक. कोविडच्या टाळेबंदीत कंपन्यांनी सरसकट क्रेडिट शेल दिले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०२०च्या निकालात ज्या कंपन्यांना पैसे लगेच देणं जमत नव्हतं त्यांना ३१ मार्च २०२१पर्यंत क्रेडिट शेलची मुभा मिळाली, पण ते दुसऱ्याच्या नावावर करता येईल आणि त्यात दरमहा ठरावीक टक्के भर पडेल अशा अटींवर. ती सवलत त्या काळापुरती होती. एरवी क्रेडिट ज्याच्या नावाचं त्यालाच वापरता येतं, मुदत संपली की संपतं, आणि दुकान बंद पडलं तर? जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. दोन्हींच्या प्रवाशांना घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटच्या टोकाला उभं राहावं लागलं. तेव्हा हजार रुपये असोत की दहा हजार, मी रोख घेतो. वर्षातून चार वेळा त्याच कंपनीने जाणारा असेन आणि क्रेडिटमध्ये मूळ भाड्याचाही भाग मिळत असेल, तरच विचार करेन.

परदेशाच्या तिकिटात गणित जरा वेगळं. मोठ्या कंपन्यांचं तिकीट साधारण काढल्यापासून वर्षभर जिवंत असतं. उड्डाणापूर्वी रद्द केलं की मूळ भाडं परत मिळत नाही, पण बऱ्याच भाड्यांत त्याची किंमत त्याच माणसाच्या पुढच्या तिकिटाला वळती करता येते, बदलाचा आकार वजा करून. न रद्द करता विमान उडू दिलं की ती किंमत मरते. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबांपैकी एकाची तब्येत बिघडली, की घाबरगुंडीत नेमकं हेच राहून जातं. तिकीट मुलाने तिकडून थेट कंपनीकडे काढलेलं असेल, प्रवासाला सात दिवसांहून जास्त अवकाश असेल, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पहिल्या चोवीस तासांत पूर्ण पैसे परत मिळतात. ते उलटले असतील तर डॉक्टरांचं पत्र जोडून कंपनीला लिहावं. कायद्याने बांधलेली नसली तरी आजारपणात किंवा घरात कुणी गेलं तर बऱ्याच कंपन्या थोडं नमतं घेतात. प्रवासाचा विमा असेल तर दवाखान्यात भरती झाल्याचा कागद जपून ठेवा, आणि सोबत्याच्या आजारपणासाठीही पैसे मिळतात का ते पॉलिसीत शोधा. 'माझा मूड गेला' यासाठी कुठलाच विमा पैसे देत नाही.

पैसे येतात कधी, आणि कुणाला

क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडे काढलेल्या तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत करायचे असतात. एजंट किंवा ॲपमार्फत काढलं तरी जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी. २०१६च्या नियमात त्यासाठी ३० कामाचे दिवस दिले होते, २०२५च्या मसुद्यात २१ सुचवले. 'एअरलाइनला विचारा' आणि 'एजंटला विचारा' हा खो-खो सुरू झाला की 'जबाबदारी विमान कंपनीचीच' हे वाक्य दोघांनाही एकाच ईमेलमध्ये पाठवा. तरी हलले नाहीत तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. ग्राहक आयोगातही जाता येतं. २०१९च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. हजार रुपयांसाठी मी जाणार नाही. पण एअरसेवावर लिहिल्यावर कंपनीचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

पैसे ज्या कार्डातून गेले तिथेच परत येतात, प्रवास न करणाऱ्याच्या हातात नाही. यावरून मैत्र्या तुटतात. मैत्रिणीने आपला वाटा मावशीला रोख दिला होता, मावशीने तो मुलाला दिला, आणि तिकिटं मुलाच्या कार्डवर. माझ्या मते बुडालेलं भाडं न येणाऱ्याने सोसावं आणि परत आलेला प्रत्येक रुपया त्याला पोचवावा. दोघींत मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं मात्र वाकडं प्रकरण आहे. एकटीला पूर्ण पडतं, आणि मोडलेल्या मनगटाकडे बघून मागायचं कसं? मावशीने मागितलं नाही. मैत्रिणीने डाव्या हाताने यूपीआय केला.

आम्ही पीएनआर वेगळा केला, उड्डाणाच्या आदल्या दुपारपर्यंत थांबलो, कंपनीने वेळ बदलली नाही, मग रद्द केलं. ॲपने शून्य दाखवलं. दोन ईमेलनंतर १,०३४ रुपये मंजूर झाले. मावशी एकटी गेली, शेजारच्या सीटवर गोरखपूरचा एक विद्यार्थी होता, त्याने तिची बॅग वर ठेवून दिली. पैसे सहाव्या दिवशी मुलाच्या कार्डवर आले आणि त्याच्या लक्षातही आले नाहीत. मावशीने परतल्यावर त्याच्याकडून स्टेटमेंट उघडून घेतलं, १,०३४ रुपये पाकिटात घातले, आणि पेढ्यांबरोबर मैत्रिणीकडे नेऊन दिले.